मशीन चालतंय की!

सकाळी नऊला बंगळुरातल्या हेब्बाळच्या उड्डाणपुलावर अडकलेल्या गाड्यांत डोकावलं, तर बहुतेकांच्या मांडीवर नाहीतर पायाशी लॅपटॉपची बॅग दिसते. एकीकडे बेल्लारी रस्त्यावर किर्लोस्कर बिझनेस पार्क, दुसरीकडे रिंग रोडनं नागवाऱ्याच्या बाजूला मान्यता टेक पार्क. (किर्लोस्कर हे नाव दिसलं की मराठी माणसाची मान आपोआप वळते. १८८८ साली बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून निघालेलं ते नाव आज इथं काचेच्या इमारतींवर आहे.) बॅगेतले हे लॅपटॉप बहुधा कंपनीनं भाडेपट्ट्यावर घेतलेले असतात. तीन-चार वर्षं वापरायचे, मुदत भरली की परत करायचे. मग डिस्क कोरी करून ते ‘लॉट’नं विकले जातात. वर ए ग्रेड, त्याखाली बी ग्रेड आणि सगळ्यात शेवटी ज्याचा हिंज तुटलाय किंवा कीबोर्डची दोन बटणं उडालीत असा माल. लॉट एस. पी. रोडवरच्या बाजारात उतरतो आणि तिथून गल्लीबोळातल्या दुकानांत पांगतो. फिरून फिरून त्यातला काही हेब्बाळच्याच केंपापुऱ्यात आणि भूपसंद्र्यात येतो. नर्सिंगच्या विद्यार्थिनी, घरी शिकवण्या घेणाऱ्या मॅडम, छोटे कंत्राटदार असे लोक तो दहा-पंधरा हजारांत घेऊन जातात आणि पुढं पाच-सात वर्षं वापरतात. मशीनचं खरं आयुष्य या दुसऱ्या घरात जातं.

२०२५ मध्ये ही साखळी धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी अडली. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवसापासून विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टची नियमित सुरक्षा अपडेट बंद. २९ जुलै २०१५ ला आलेली ही सिस्टिम दहा वर्षं चालली, तक्रारीला तशी जागा नाही. अडचण पुढच्या पायरीची आहे. विंडोज ११ फुकट मिळतं, पण प्रत्येक मशीनला मिळत नाही. टीपीएम २.० ही सुरक्षा चिप हवी, सिक्युअर बूट हवं, चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी जागा हवी. शिवाय प्रोसेसर कंपनीनं जाहीर केलेल्या यादीत असायला हवा. इंटेलची ती यादी, दोन-चार अपवाद सोडले, तर आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे २०१७ च्या दिवाळीत सातव्या पिढीचा कोरा करकरीत लॅपटॉप घेतला असेल, तर तो आज दारातच अडतो. दिवाळी अंक चाळता चाळता कोणी आपला लॅपटॉप उघडून ‘धिस पीसी डझन्ट करंटली मीट’ असं सुरू होणारी पाटी पाहिली असेल, तर ती पाटी हीच.

केंपापुऱ्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात मी या दिवसांत बराच बसलो. दुकान चालवणारा तरुण बेळगावचा. गिऱ्हाइकाशी कन्नड, पार्ट्सवाल्याशी हिंदी आणि नावावरून माणूस मराठी निघाला की लगेच बेळगावी मराठी. काउंटरवर निपाणीकडच्या एक काकू आल्या होत्या, सोबत काळा, जाड, कोपऱ्यांना चंदेरी झालेला लॅपटॉप. थिंकपॅड टी-४३०. २०१२ चं मॉडेल, इंटेलच्या तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह. मुलानं जुना म्हणून आईला दिला. त्यावर त्या भजनी मंडळाचे हिशेब ठेवतात, नातवाशी व्हिडिओवर बोलतात आणि सोसायटीची पत्रं मराठीत टाइप करतात.

“हे आता टाकून द्यायचं का रे?” काकूंनी विचारलं.

“का वो टाकायचं काकू? मशीन चालतंय की! मशीन म्हातारं न्हाई झालं. कंपनीला नकोसं झालंय.”

या एका वाक्यात सगळा विषय आला, तरी त्यातला तांत्रिक भाग नीट उलगडायला हवा. संगणकाला ‘हे चालणार नाही’ असं सांगणाऱ्या अटी दोन जातींच्या असतात. एक अट कागदावरची. इन्स्टॉलर सुरू होताना चौकशी करतो, यादी बघतो आणि नाही म्हणतो. ती चौकशी टळली, तर पुढचं सगळं सुरळीत चालतं. दुसरी अट सिलिकॉनमधली. तिथं चौकशी नसते, नकारही नसतो. प्रोसेसरला जी आज्ञा कळतच नाही, ती समोर आली की मशीन थबकतं आणि पुन्हा सुरू होतं, पुन्हा थबकतं.

त्या दुकानात दोन्हींची उदाहरणं एकाच बाकावर होती. काकूंच्या थिंकपॅडला पहिली अट आडवी आली होती. शेजारी एका क्लासवाल्याचा कोअर टू ड्युओचा जुना डेस्कटॉप होता, त्याला दुसरी. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरला एसएसई ४.२ आणि त्याबरोबरची पॉपकाउंट ही आज्ञा यावीच लागते. काम साधं आहे, एखाद्या संख्येच्या द्विमान रूपात एक हा अंक किती वेळा येतो हे मोजायचं. जुने प्रोसेसर हेच काम अनेक पायऱ्यांत करतात. पण सिस्टिमच त्या आज्ञेवर बेतून बांधली असेल, तर आज्ञा नसलेल्या प्रोसेसरवर ती उठणारच नाही. इंटेलमध्ये ही आज्ञा २००८ च्या नेहालेम पिढीपासून आहे. त्याआधीच्या मशीनवर कोणतीही युक्ती लागू पडत नाही. क्लासवाल्याला दुकानातल्या पोरानं सरळ सांगितलं, “सर, इदक्के आगल्ला.” याला नाही होत.

थिंकपॅडची गोष्ट वेगळी. आधी त्यानं काकूंचा डेटा एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतला आणि उघडून दाखवला. “फोटो बघा, हिशेब बघा, मग होय म्हणा.” दुकानदार हे करत नसेल, तर मशीन त्याच्या हाती देऊ नये, एवढं मी इथंच सांगून ठेवतो. मग बॅटरी काढली. खालचा एक स्क्रू काढला की कडेचं झाकण सुटतं आणि हार्ड डिस्क सरळ बाहेर ओढता येते. फिरणारी जुनी डिस्क गेली, तिच्या जागी अडीच इंची एसएसडी आली. रॅम चारची आठ जीबी केली. जुनं मशीन ‘हळू’ असल्याच्या बहुतेक तक्रारी इथंच मिटतात. प्रोसेसर बिचारा उगाच बदनाम असतो, तो बहुतेक वेळ डिस्कची वाट बघत बसलेला असतो.

दुसऱ्या संगणकावर पेन ड्राइव्ह तयार होत होता. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेली विंडोज ११ ची आयएसओ फाइल आणि रूफस नावाचं फुकट मिळणारं छोटंसं सॉफ्टवेअर. ‘स्टार्ट’ दाबलं की रूफस एक चौकट दाखवतो. चार जीबी रॅम, सिक्युअर बूट, टीपीएम २.० यांची अट काढू का? मायक्रोसॉफ्ट खात्याची सक्ती काढू का? समोर टिकमार्क. त्यानं दोन्हींवर टिक केलं. आत घडतं ते एवढंच की इन्स्टॉलर सुरू होताना तपासणी वगळ असं सांगणाऱ्या नोंदी त्या पेन ड्राइव्हमध्येच घातल्या जातात. सिस्टिमच्या फाइली मूळच्याच राहतात. बाजारात ‘लाइट’, ‘सुपर फास्ट’ अशा नावांनी फिरणाऱ्या कापाकापी केलेल्या विंडोज ही वेगळी चीज. त्यांच्यात कोणी काय घुसडलंय हे कळायला मार्ग नसतो आणि त्या घरात आणू नयेत.

एफ-१२ दाबून पेन ड्राइव्ह निवडला, कोऱ्या एसएसडीवर इन्स्टॉल सुरू झालं. कुठंही अडलं नाही. चहा येऊन पिऊन होईपर्यंत भाषा आणि कीबोर्ड विचारणारा पडदा आला. वाय-फाय चाललं, आवाज आला, कॅमेरा लागला. बोटाचा ठसा वाचणाऱ्या पट्टीला मात्र लेनोव्होचा विंडोज १० चा ड्रायव्हर शोधून घालावा लागला. काकूंना त्या पट्टीशी काही देणंघेणं नव्हतं, पण पोराला अर्धवट काम सोडवत नव्हतं.

गंमत अशी की या चोरवाटांतली एक वाट खुद्द मायक्रोसॉफ्टनंच दाखवली होती. चालू विंडोज १० मध्ये रेजिस्ट्रीत एक नोंद केली, तर यादीबाहेरचा प्रोसेसर आणि जुनी टीपीएम १.२ असलेल्या मशीनवरही ११ चढवता येतं, असं कंपनीच्या स्वतःच्या मदतपानावर लिहिलेलं होतं. सोबत इशारा होता की हे आम्ही सुचवत नाही. पुढं ती नोंद पानावरून काढून टाकण्यात आली, वाट मात्र बुजली नाही.

मग अट घातलीच का? कंपनीची बाजू आधी मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. टीपीएम ही चिप डिस्कच्या कुलपाच्या किल्ल्या मुख्य प्रोसेसरपासून वेगळ्या जपते, लॅपटॉप चोरीला गेला तर डिस्क काढून वाचता येत नाही. सिक्युअर बूटमुळे विंडोज उठण्याआधीच घुसणाऱ्या व्हायरसना अटकाव होतो. ११ मध्ये सिस्टिमचा गाभा वेगळ्या कप्प्यात ठेवून राखण्याची सोय आहे, ती जुन्या प्रोसेसरांवर चालते, पण वेग खाते. तिला लागणारी खास मदत हार्डवेअरमध्ये इंटेलच्या सातव्या पिढीपासून आली. इथवर ठीक. पण सातव्या पिढीत मदत आहे, तर यादी आठव्या पिढीपासून का? आणि सातव्या पिढीतला एक प्रोसेसर, आय-सेव्हन ७८२०एचक्यू, अपवाद म्हणून यादीत आला तो कोणता? मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये बसवलेला. आपलं महाग मशीन दुकानात विक्रीला असताना त्यालाच दारात अडवणं बरं दिसलं नसतं.

ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीनं एक आकडाही दिला. अटी न पाळणाऱ्या मशीनवर सिस्टिमचा गाभा कोसळण्याचं प्रमाण ५२ टक्के जास्त आढळलं आणि अटी पाळणाऱ्या मशीनचा अनुभव ९९.८ टक्के विनाअडथळा होता. आकडा ऐकायला भीतिदायक. पण ढोबळ गणित केलं, तर शंभरातले ०.२ वाढून ०.३ झाले. निपाणीच्या काकूंचं मशीन भंगारात घालायला एवढं कारण मला पुरत नाही.

उलटा प्रकारही होऊन गेलाय. २००६ मध्ये व्हिस्टा येण्याआधी दुकानांतल्या संगणकांवर ‘व्हिस्टा केपेबल’ असे स्टिकर लागले. त्यातल्या कित्येकांना व्हिस्टाची अगदी प्राथमिक आवृत्तीच जेमतेम झेपत होती, जाहिरातीतला तो काचेसारखा पडदा नाहीच. अमेरिकेत त्यावरून खटला झाला. तेव्हा न झेपणाऱ्यांना आत घेतलं होतं, आता झेपणाऱ्यांना बाहेर ठेवलंय.

मराठी माणसाला नव्या सिस्टिमचं मोल एकेकाळी वेगळ्याच कारणानं पटलं होतं, तेही सांगायला हवं. विंडोज ९८ मध्ये देवनागरी युनिकोड नीट नव्हतं. जे काही मराठी होतं, ते श्रीलिपी, आयएसएम किंवा अशाच पॅकेजांच्या फॉन्टांत, म्हणजे एका मशीनवरचं मराठी दुसऱ्यावर रोमन अक्षरांची खिचडी होऊन उघडायचं. विंडोज २००० आणि त्यामागून २००१ चं एक्सपी आलं, तेव्हा कंट्रोल पॅनलमधल्या रीजनल सेटिंगमध्ये जाऊन जटिल लिप्यांच्या चौकटीत टिक करायचं आणि मूळ सीडी मागितली की घालायची. मग मंगल फॉन्ट उमटायचा. त्या एका टिकेसाठी अनेकांनी पेंटियम थ्रीच्या मशीनांवर रॅम वाढवून एक्सपी चढवलं. आज तसं काही आमिष नाही. उच्चारानुसार मराठी टाइप करायचा कीबोर्ड विंडोज १० मध्येच २०१९ पासून आहे. मराठी लिहायला ११ लागत नाही.

छापखान्यांची गोष्ट तर उलटीच आहे. महाराष्ट्रात आजही अशा डीटीपीच्या खोल्या आहेत, जिथं पेजमेकर ७, श्रीलिपी आणि मागं खोचलेला डोंगल यांवर काम चालतं. पेजमेकरची ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. विंडोज ११ फक्त ६४ बिटी आहे, त्यात ३२ बिटी ड्रायव्हर चढत नाहीत. डोंगलचा नवा ड्रायव्हर मिळाला नाही, तर डोंगल मुका, डोंगल मुका तर सॉफ्टवेअर बंद. अशा ठिकाणी शहाणी माणसं जुन्या मशीनला हात लावत नाहीत. त्याची नेटची वायर काढतात, फाइली पेन ड्राइव्हनं नेतात आणि ईमेलला दुसरं मशीन ठेवतात. हा उपाय हलका वाटला, तरी माझ्या मते सगळ्यांत शुद्ध हाच आहे. नेटवर न जाणाऱ्या मशीनला सुरक्षा अपडेटची फारशी गरज नसते.

मॅकवाल्यांचं जग वेगळं. तिथं ओपनकोअर लेगसी पॅचर नावाचा खुला प्रकल्प ॲपलनं सोडून दिलेल्या इंटेल मॅकवर नवी मॅकओएस चढवतो. २०१२ चं मॅकबुक एअर ॲपलच्या लेखी कॅटलिनावर थांबलं, पॅचरनं ते त्याच्या कितीतरी पुढं जातं. पण विंडोजसारखी ही एक टिक नाही. ॲपलनं काढून टाकलेले ग्राफिक्सचे ड्रायव्हर परत घालावे लागतात, त्यासाठी सिस्टिमच्या संरक्षणाची कुलपं सैल करावी लागतात आणि प्रत्येक अपडेटनंतर तो पॅच पुन्हा बसवावा लागतो. शिवाय ॲपलनं जून २०२५ मध्ये जाहीर करून टाकलंय की २०२५ ची टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची मॅकओएस. छंद म्हणून उत्तम, रोजच्या पोटापाण्याच्या मशीनवर मी करणार नाही.

राहिलं लिनक्स. जुन्या मशीनसाठी तेच खरं उत्तर आहे असं छातीठोकपणे सांगणारे बंगळुरात पावलोपावली भेटतात आणि त्यांचं बोलणं हवेतलं नाही. याच शहरात गुरप्पनपाळ्याच्या झोपडपट्टीतल्या आंबेडकर कम्युनिटी कम्प्युटिंग सेंटरमध्ये दान मिळालेल्या जुन्या संगणकांवर मुलं लिनक्स शिकली. केरळच्या सरकारी शाळा तर कित्येक वर्षं लिनक्सवरच आहेत. लिनक्स मिंट २२ घेतलं, तर २०२९ पर्यंत अपडेटची चिंता नाही आणि थिंकपॅडसारख्या मशीनवर ते विंडोजपेक्षा हलकं चालतं. ब्राउझर, मराठी टायपिंग, हिशेबाचे तक्ते, व्हिडिओ कॉल सगळं होतं. मग हेब्बाळातल्या दुकानदारांनी, कंत्राटदारांनी ते का घेतलं नाही?

मी त्या पोराला हेच विचारलं. त्यानं बोट दाखवलं ते कोपऱ्यातल्या कॅननच्या एलबीपी २९०० प्रिंटरकडं. “ह्यो चालत न्हाई वो सर. म्हंजे चालतो, पण त्याला बसवायला माझा आख्खा दिवस जातो.” देशातल्या कित्येक झेरॉक्सच्या दुकानांत, वकिलांच्या टेबलावर, सीएच्या ऑफिसात हा प्रिंटर दिसतो, मरता मरत नाही. पण तो कॅननची खास भाषा बोलतो आणि लिनक्सवर ती भाषा शिकवणं कटकटीचं आहे. त्यात बंगळुरातच घडलेलं टॅली, जे विंडोजसाठी लिहिलेलं आहे. त्यात जीएसटीच्या कागदपत्रांना लागणारं डिजिटल सहीचं यूएसबी टोकन. लिनक्सचे पुरस्कर्ते ऑपरेटिंग सिस्टिमची तुलना करत बसतात, गिऱ्हाईक मात्र आपल्या प्रिंटरचा विचार करत असतं. माझ्या मते जुन्या मशीनचा निर्णय प्रोसेसरच्या पिढीवर नव्हे, तर त्याला मागून काय काय जोडलेलं आहे यावर घ्यावा.

काकूंना मी माझं मत दिलं की प्रिंटर नाही, टॅली नाही, तर मिंट घाला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मला बाई तो खालचा डावीकडचा चौकोन ओळखीचा आहे.” विंडोज ११ मध्ये तो स्टार्टचा चौकोन मधोमध सरकलाय. पोरानं सेटिंगमध्ये जाऊन तो परत डावीकडं आणून दिला. विषय मिटला.

एक मोठा आकडाही लक्षात ठेवावा. कॅनालिस या संस्थेनं डिसेंबर २०२३ मध्ये अंदाज केला होता की विंडोज १० बंद झाल्यानं जगभरात सुमारे २४ कोटी संगणक भंगाराच्या वाटेला लागू शकतात. आपल्याकडं २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, उत्पादकानं किती माल परत घेऊन पुनर्चक्रित करायचा हे त्यात आहे. मशीन विकल्यावर त्याला किती वर्षं सॉफ्टवेअरचं पाठबळ द्यायचं, हे त्यात नाही. केंद्राचं राइट टू रिपेअर पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, तिथं सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती आहे. पण स्क्रू काढता येण्याचा हक्क आणि अपडेट मिळण्याचा हक्क यांतला दुसरा आपल्याकडं क्वचितच कोणी मागतं. तो मागायला हवा. चालत्या वस्तूला कोणी दुरून बंद करत असेल, तर तिचा मालक नक्की कोण, हा प्रश्न ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी हाती घेण्याजोगा आहे.

तोवर घरच्या माणसांसाठी थोडं व्यवहाराचं. आधी बायॉसमध्ये बघा. सहाव्या-सातव्या पिढीच्या अनेक मशीनांत पीटीटी या नावानं टीपीएम २.० असतंच, फक्त बंद असतं, ते चालू केलं की अडचण प्रोसेसरच्या यादीपुरतीच उरते. ऑफिसच्या मशीनवर, जिथं दुसऱ्यांचे पैसे आणि कागद आहेत, तिथं अटी चुकवून विंडोज चढवू नका, नवं घ्या. घरचं असेल आणि प्रिंटर आडवा येत नसेल, तर लिनक्स. विंडोजच हवं असेल, तर रूफस, पण डेटाची प्रत बाहेर ठेवून. आणि काहीच करायचं धाडस नसेल, तर विंडोज १० ला एक वर्षाची जादा सुरक्षा अपडेट मिळतात. मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंगचा बॅकअप ठेवला, तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर किंवा तेवढे रुपये.

काकू निघताना पोरानं एका चिठ्ठीवर तारीख लिहून लॅपटॉपच्या बॅगेत टाकली. अटी चुकवून चढवलेल्या ११ ला महिन्याची अपडेट सहसा येतात, पण वर्षाची नवी आवृत्ती आपणहून येत नाही, ती हातानं चढवावी लागते. काकूंच्या मशीनवर २४एच२ आहे, त्याच्या होम आणि प्रो आवृत्त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते. विंडोज १० ची ती जादा वर्षाची मुदतही त्याच दिवशी संपते. तुमच्या घरी यांपैकी कोणतंही मशीन असेल, तर कॅलेंडरवर त्या तारखेला आत्ताच खूण करून ठेवा.